कान ओढणारं बाळ आणि अभ्यासाचं दार

सिनॉप्सिस लिहिताना एखादा पेपर हाताला लागतो आणि वाटतं, संपलं, आपला विषयच गेला. माझ्या बाबतीत तो पेपर होता २०१० सालचा, ‘पिडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात आलेला, फिनलंडमधल्या तुर्कू शहरातल्या गटाचा. पहिली लेखिका मिया लाइने. शीर्षकाचा अर्थ साधारण असा: मधल्या कानाचा संसर्ग ज्या वयात जास्त होतो त्या वयात लक्षणांवरून किंवा लक्षणांना दिलेल्या गुणांवरून तो ओळखता येत नाही.

आणि माझा विषय काय होता, तर आईला विचारायच्या लक्षणांची एक छोटी यादी बनवायची, जी आशाताईंना घरभेटीत वापरता येईल. म्हणजे पेपर खरा असेल तर मी दुकान बंद करावं हे बरं.

दोन दिवस मी तो पेपर कुणाला दाखवलाच नाही. तिसऱ्या दिवशी नीट वाचला. आज तो तुमच्यासमोर उलगडून वाचतेय, कारण पेपर चांगला आहे आणि तरीही त्याचं शीर्षक मला पटत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी म्हणता येतात, हे मला एम.ए.ला कुणी शिकवलं नव्हतं.

आधी थोडं कानाबद्दल. नाकाच्या मागून मधल्या कानाकडे एक नळी जाते, युस्टेशियन ट्यूब. लहान मुलांत ती आखूड आणि बरीचशी आडवी असते. सर्दी झाली की ती सुजते, मधल्या कानातली हवा खेळती राहत नाही, तिथे द्राव साठतो. त्या द्रावात न्यूमोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झी किंवा मोराक्सेला यांच्यासारखे जिवाणू वाढले की झाला तीव्र संसर्ग. पडद्यामागे पू, पडदा बाहेरच्या बाजूला फुगलेला, आणि ठणका. पण नुसता द्राव साठून राहणं वेगळं. सर्दीनंतर कित्येक मुलांच्या कानात आठवडेच्या आठवडे द्राव असतो, दुखत नाही, ताप नाही, अँटिबायोटिकची गरज नाही. दोन्हीत कान ‘भरलेला’ असतो. म्हणून वेगळं ओळखायला पडद्याचा फुगवटा बघावा लागतो. नुसता लाल पडदा पुरत नाही, कारण बाळ जीव तोडून रडलं तरी पडदा लाल होतो, आणि डॉक्टर कानात काही घालतोय म्हटल्यावर न रडणारं बाळ मी अजून पाहिलं नाही.

बघायचं कसं? कानाची पाळी हळूच खाली आणि मागे ओढून ओटोस्कोप घालायचा. शक्य असेल तर हवेचा हलका दाब देऊन पडदा हलतो का ते पाहायचं. आपल्याकडच्या ईएनटी विभागात यासाठी सीगलचा स्पेक्युलम असतो, रबरी फुगा लावलेला. निरोगी पडदा हवेबरोबर आतबाहेर होतो, मागे द्राव असेल तर ढिम्म राहतो. त्याआधी मळ काढावा लागतो, आणि अर्धी लढाई तिथेच असते.

आता पेपरकडे. सहा ते पस्तीस महिन्यांची मुलं, एकूण ४६९. पालकांची आधी ठरलेल्या प्रश्नावलीने मुलाखत घेतली, आणि ती कान तपासण्याआधी. याला दाद द्या. कान तपासल्यानंतर विचारलं असतं, तर “हो हो, रात्रभर कान चोळत होता” हे उत्तर आईच्या तोंडून आपोआप आलं असतं. खोटेपणाने नव्हे, आठवण तशीच चालते. मग प्रत्येक मुलाचा कान एकाच पद्धतीने, हवेचा दाब देणाऱ्या ओटोस्कोपने तपासला. २३७ मुलांना तीव्र संसर्ग निघाला, २३२ मुलांना नुसतं सर्दीपडसं. आणि दोन्ही गटांत कान चोळणं, चिडचिड, रात्री नीट झोप न लागणं, ताप, यांचं प्रमाण जवळजवळ सारखं. लक्षण किती दिवस होतं, किती जोरात होतं, यानेही फरक पडेना. निष्कर्ष: कानात बघितल्याशिवाय इलाज नाही.

इथपर्यंत मला काहीच खटकलं नव्हतं. खटकलं ते पद्धतीच्या भागातलं एक वाक्य, जे आपण सगळे वरवर वाचून पुढे जातो. अभ्यासात कोण घेतलं? ज्यांच्या पालकांना कानाच्या संसर्गाचा संशय आला होता, ती मुलं.

थांबा इथे. पालकांना संशय कशावरून येतो? कान ओढतोय, झोपत नाही, चिडचिड करतोय, यावरूनच. म्हणजे ज्या लक्षणांची परीक्षा घ्यायची, त्याच लक्षणांनी मुलांना अभ्यासाच्या दारातून आत सोडलं.

याचा परिणाम किती मोठा असतो ते कागदावर करून बघू. खालचे आकडे माझे, कल्पनेतले, फक्त हिशेबासाठी. समजा एका तालुक्यात सर्दी झालेली १००० लहान मुलं आहेत. त्यातल्या २०० जणांना कानाचा संसर्ग आहे. संसर्ग असलेल्यांपैकी ६० टक्के, म्हणजे १२० मुलं कान ओढतात. संसर्ग नसलेल्या ८०० पैकी २० टक्के, म्हणजे १६० मुलंही कान ओढतात. कुणाला झोप आली की सवय, कुणाचे दात येतायत. ६० भागिले २०, म्हणजे लाइकलिहूड रेशो ३. कान ओढणं हे बऱ्यापैकी कामाचं लक्षण झालं. एरवी संसर्गाची शक्यता २० टक्के, पण कान ओढणाऱ्या २८० मुलांत ती १२०, म्हणजे ४३ टक्के.

आता फक्त कान ओढणाऱ्या मुलांचे पालक घाबरून दवाखान्यात आले असं धरा. आत आलेली मुलं २८०. संसर्ग असलेल्यांत कान ओढणारे किती? १०० टक्के. नसलेल्यांत? १०० टक्के. रेशो १. तुम्ही प्रामाणिकपणे लिहिणार की कान ओढण्यावरून संसर्ग ओळखता येत नाही. आणि तुमच्या २८० मुलांपुरतं ते खरंच आहे! पण लक्षण निकामी नव्हतं. त्याने आपलं काम दारातच केलं, २० चे ४३ केले, आणि आत येईपर्यंत त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही.

शिवाय त्या ८० मुलांचं काय, ज्यांना संसर्ग होता पण कान ओढत नव्हती? ती घरीच राहिली. ना तुमच्या तक्त्यात, ना कुणाच्या औषधात.

प्रत्यक्षात पालक एकाच लक्षणावरून येत नाहीत, त्यामुळे तुर्कूमध्ये प्रकरण इतकं टोकाचं नसणार. पण दिशा हीच. नेट पास झालेल्यांमध्येच नेटचे मार्क आणि थिसिसचा दर्जा यांचा संबंध शोधला, तर तो फिकाच दिसेल. यावरून कुणी नेटचा अभ्यास सोडू नये, एवढंच.

तर माझी तक्रार आकड्यांवर नाही, शीर्षकावर आहे. त्यात वयाची मर्यादा घातलीय, संशयाची मर्यादा गाळलीय. ‘पालकांना आधीच संशय आलेल्या मुलांमध्ये’ एवढे शब्द हवे होते. आपण पेपर शोधताना शीर्षक वाचतो, फार तर सारांश, आणि ‘लक्षणांचा उपयोग नाही (लाइने आणि इतर, २०१०)’ असं रिव्ह्यूमध्ये ठोकून देतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात हेच वाक्य होतं.

पण बाजू पलटूनही बघायला हवी. बालरोगतज्ज्ञाच्या खुर्चीत बसा. समोर येणारं मूल कोणतं? आईला संशय आलेलंच. तुर्कूच्या दारातून जी मुलं आत आली, तीच याच्याही दारातून येतात. त्याच्यासाठी शीर्षक अगदी बरोबर आहे: “कान ओढतोय हो” यावर औषध लिहू नकोस, कानात बघ. त्या ४६९ मुलांत पालकांचा संशय जवळपास निम्म्या वेळा खरा ठरला. नुसत्या संशयावर औषध दिलं असतं, तर उरलेल्या २३२ मुलांना ते विनाकारण गेलं असतं. चूक पेपरची नाही म्हटलं तरी चालेल. चूक माझी होती, मी घरभेटीच्या प्रश्नाला दवाखान्यातलं उत्तर लावत होते.

याच्या उलट टोकाचा नमुनाही बघा, म्हणजे दार फक्त लक्षणांनाच छळतं असं वाटायला नको. २००३ साली ‘जामा’मध्ये रॉथमन, ओवेन्स आणि सिमेल यांचा आढावा आला, या मुलाला तीव्र संसर्ग आहे का, असा सरळ प्रश्न विचारणारा. त्यात कान दुखण्याचा रेशो ३ ते ७.३ दिलाय, म्हणजे तुर्कूपेक्षा बराच वर. पडद्याच्या खुणांचे आकडे तर डोळे दिपवतात. फुगलेला पडदा ५१, धुरकट पडदा ३४, न हलणारा ३१, गडद लाल ८.४. वैद्यकात ५१ हा रेशो क्वचित दिसतो. २० टक्के शक्यता तो एका फटक्यात ९३ टक्क्यांवर नेतो. करून बघा, २०:८० म्हणजे ०.२५, गुणिले ५१ म्हणजे १२.७५, आणि १२.७५ भागिले १३.७५.

हे पडद्याचे आकडे आले कुठून? कार्मा आणि सहकाऱ्यांच्या १९८९ सालच्या अभ्यासातून, तोही फिनलंडचाच. २९११ मुलं, अकरा हजारांवर भेटी. द्राव आहे की नाही याचा निकाल पडद्याला सुईने छेद देऊन लावलेला. यापेक्षा पक्का पुरावा मागून मिळणार नाही. पण छेद कुणाच्या पडद्याला दिला? डॉक्टरला द्रावाचा संशय आला त्याच्या. जो पडदा चांगला दिसला त्याला टोचलं नाही, आणि टोचायलाही नको होतं. निरोगी बाळाचा पडदा आपल्या तक्त्यासाठी फोडायचा नसतो. पण त्यामुळे होतं काय, की ‘पडदा चांगला दिसतो पण आत पू आहे’ हा रकाना भरायला कुणी उरतच नाही. याला व्हेरिफिकेशन बायस म्हणतात. जामाच्या लेखकांनी हे ओळखून गणिताने दुरुस्ती केली आणि तसं स्पष्ट लिहिलंही. म्हणून ते आकडे उद्धृत करताना ‘दुरुस्त केलेले’ हा शब्द सोडू नका. दुरुस्तीसाठी काहीतरी गृहीत धरावंच लागतं. ५१ च्या दोन्ही बाजूंना ३६ ते ७३ असा बऱ्यापैकी अरुंद पट्टा दिसतो, पण तो भेटी हजारोंनी होत्या म्हणून. जे टोचलंच नाही त्याची खात्री त्या पट्ट्यात नसते.

आता तिसरी गंमत, ही फक्त चाटून जाते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली व्याख्याच कडक केली: मध्यम ते जास्त फुगवटा किंवा नव्याने वाहू लागलेला कान, किंवा थोडा फुगवटा आणि त्याच्या जोडीला गेल्या ४८ तासांतलं कानदुखणं अथवा पडद्याची गडद लाली. मला ही व्याख्या आवडते. पण ती स्वीकारल्यावर ‘फुगवट्याने निदान किती अचूक होतं’ हा प्रश्न विचारता येत नाही, कारण फुगवटा हेच निदान. पिट्सबर्गच्या शेख आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये ओटोस्कोपच्या व्हिडिओवरून निदान करणारं यंत्र दाखवलं, ६३५ मुलांचे ११५१ व्हिडिओ, सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी दोन्ही ९३ टक्क्यांच्या वर. काम फार नेटकं आहे. पण बरोबर उत्तर ठरवलं ते तोच व्हिडिओ बघणाऱ्या तज्ज्ञांनी, आणि यंत्राने ज्यांना ज्यांना संसर्ग म्हटलं त्या सगळ्यांत फुगवटा होता. यंत्र तज्ज्ञांशी सहमत होतं, हे सिद्ध झालं. ते कमी नाही! २००१ साली पिचिकेरो आणि पूल यांनी पाचशेवर बालरोगतज्ज्ञांना कानाचे व्हिडिओ दाखवले होते, त्यांची बरोबर उत्तरं सरासरी निम्मी आली होती. ईएनटीवाल्यांची ७३ टक्के. म्हणजे चांगल्या तज्ज्ञाशी सहमत होणारं यंत्र खेड्यात सोन्यासारखं. फक्त ‘पू ओळखतं’ आणि ‘तज्ज्ञासारखं बघतं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

तुम्ही म्हणाल, एवढा कीस कशाला? कारण दाराचा प्रश्न आपल्याकडे कागदावरचा नाही. दोन महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी जो आयएमएनसीआयचा तक्ता आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत वापरतात, त्यात कानाचा भाग असा सुरू होतो: मुलाला कानाचा त्रास आहे का? हो असेल तर पुढे विचारा, दुखतो का, वाहतो का, किती दिवस. पू दिसतो का बघा, कानामागे दुखरी सूज आहे का हात लावून बघा. १४ दिवसांच्या आतला स्राव किंवा दुखणं म्हणजे तीव्र, १४ दिवस किंवा जास्त म्हणजे जुनाट, मागे सूज म्हणजे ताबडतोब मोठ्या दवाखान्यात. ओटोस्कोप नाही, आणि जिथे ओटोस्कोप नाही तिथे हा तक्ता शहाणपणाचा आहे. पण पहिला प्रश्न बघा. आई “नाही” म्हणाली की कानाचं पान उलटलं. दहा महिन्यांचं बाळ ‘दुखतं’ म्हणून सांगणार नाही. आईला वाटलं तरच ते दुखणं. आणि पू दिसला म्हणजे पडदा आधीच फुटलेला. आपल्या बोलीत याला नाव आहेच, ‘कान फुटला’. त्या फुटलेल्या कानात कोमट लसणीचं तेल घातलं जातं, ते वेगळंच.

ओळख कडक असली की उपचाराचे आकडेही बदलतात. तुर्कूच्याच गटाने २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये ३१९ मुलांवरची चाचणी छापली. काटेकोर निदान केलेली मुलं, निम्म्यांना अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट, निम्म्यांना प्लासिबो. उपचार फसले ते औषधाच्या गटात १८.६ टक्के, प्लासिबोच्या गटात ४४.९ टक्के. फरक मोठा आहे. पण औषधाच्या गटात ४७.८ टक्के मुलांना जुलाब झाले, प्लासिबोत २६.६ टक्के. आता हेच औषध निव्वळ सर्दीच्या मुलांना, कान ओढतो म्हणून, दिलं तर फायद्याची बाजू पुसली जाते आणि जुलाब तेवढे राहतात. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या, वजन जेमतेम भरणाऱ्या मुलाला जुलाब म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता माझ्या सिनॉप्सिसचं. मी लिहिलं होतं: एका सरकारी रुग्णालयाच्या ईएनटी ओपीडीत येणारी सहा ते पस्तीस महिन्यांची मुलं, आईची मुलाखत, मग तपासणी. तुर्कूची नक्कलच, फक्त दार आणखी अरुंद, कारण ईएनटी ओपीडीपर्यंत येणारं मूल आधी दोन-तीन ठिकाणी फिरून आलेलं असतं. मॅडमनी खर्डा वाचून एकच प्रश्न विचारला, “न आलेली मुलं कुठायत?” मी म्हटलं, घरी. “मग तू ओपीडीत काय शोधतेयस?”

त्याआधीच्या महिन्यात ओपीडीच्या बाकावर शेजारी शेजारी बसलेल्या दोन बाया मला आठवल्या. एकीचं बाळ तीन आठवडे कान ओढत होतं, दोन वेळा औषधं झाली होती. दोन्ही पडदे स्वच्छ निघाले. दुसरी आली होती मोठ्या मुलीचा कान वाहतो म्हणून. कडेवरच्या धाकट्याला चार दिवस हगवण आणि किरकिर, कानाचं नावही नाही. निवासी डॉक्टरने सहज म्हणून त्याच्याही कानात बघितलं. पडदा असा फुगला होता की त्यांनी मला बोलावून दाखवला. दोन मुलांवरून काही सिद्ध होत नाही, पण माझ्या सिनॉप्सिसमध्ये दुसऱ्या मुलाला आत यायला दारच नव्हतं.

आता आराखडा असा आहे. नावं ओपीडीतून नाही, अंगणवाडीच्या नोंदवहीतून घ्यायची, कारण तीन वर्षांखालची मुलं रोज अंगणवाडीत बसत नसली तरी वजनासाठी आणि घरी न्यायच्या आहारासाठी नोंदवलेली असतात. त्यातून वजनाच्या दिवशी सर्दी असलेली सगळी मुलं, कानाची तक्रार असो वा नसो. आधी मुलाखत, मग प्रत्येकाचा कान, मग टिम्पॅनोमेट्री. तपासणाऱ्याला मुलाखतीची उत्तरं माहीत नसतील. छेद कुणालाच नाही, त्यामुळे माझं ‘बरोबर उत्तर’ म्हणजे दोन डॉक्टरांची नजर आणि यंत्राचा आलेख एवढंच, आणि ते मर्यादांच्या भागात नव्हे, पद्धतीच्या पहिल्या परिच्छेदात लिहिलंय. संसर्ग सापडलेल्या प्रत्येक मुलाच्या औषधाची आणि पुढच्या तपासणीची सोय आधी लावल्याशिवाय एथिक्स समितीने सही दिली नाही, ते योग्यच झालं.

यात किंमत मोजावी लागते. ओपीडीत जवळपास निम्म्या मुलांना संसर्ग सापडला असता. वस्तीत तेवढीच संसर्ग झालेली मुलं गाठायला कितीतरी जास्त कान बघावे लागणार. नमुन्याचा आकडा दुपटीहून वर गेला आणि यादीतली लक्षणं चौदावरून सहावर आणावी लागली. कान ओढणं त्या सहांत ठेवलंय. ‘आज नेहमीपेक्षा वेगळं काय वाटतंय’ हा मोकळा प्रश्न मी हट्टाने घातलाय, मॅडमना तो अजून पटलेला नाही.

पहिली अंगणवाडी पुढच्या मंगळवारी. निवासी डॉक्टरने निरोप पाठवलाय की मळ काढायचं सामान दुप्पट घ्या.